चाला म्हणतात, पण कुठून?

मैत्रिणींनो, साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘बाई, रोज अर्धा तास भरभर चाला.’ (घरातली दिवसभराची वणवण त्यात धरत नाहीत, बरं का!) फूटपाथवर दुचाक्या, म्हणून रस्त्यावर उतरले. दिवे बंद. पाय खड्ड्यात गेला, दीड महिना प्लास्टर. घरचे म्हणाले, ‘अंधारात जायचंच कशाला?’ खड्ड्याला कुणी काही बोललं नाही.

मग आम्ही सहा जणींनी शिंप्याची टेप घेऊन फूटपाथ मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्याकडे विजेच्या पेटीपाशी उरते दीड फूट! मापांसकट अर्ज वॉर्ड ऑफिसात दिलाय. तोवर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, समोरून येणारी गाडी दिसते. सोमवारी उत्तर मागायला जातोय, तुम्हीही या.