हातांनी जन्मलेली भाषा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माणसाला भाषा कशी आली, यावर मला बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही. पण या प्रश्नाने मला माझ्या घरातच गाठले, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. त्याच्यासाठी आमच्या घरात पंधरा-वीस खुणा होत्या. तळहातावर तळहात थापला की भाकरी, अंगठा ओठाला लावला की पाणी, मिशीवरून बोट फिरवले की वडील. वडील वारले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याने मयत पाहिली होती. तरी पुढे कित्येक दिवस तो संध्याकाळी दारात उभा राहायचा आणि मिशीवरून बोट फिरवून आईला विचारायचा. "ते आता कधीच येणार नाहीत," हे त्याला सांगायचं कसं? 'कधीच' या शब्दाची खूण आमच्याकडे नव्हती. खुणा होत्या, पण भाषा नव्हती. या दोहोंतला फरक मला फार उशिरा कळला.

भाषेचा उगम शोधणाऱ्यांनी बहुधा तोंडाकडेच पाहिले. सोळाव्या शतकात अकबर बादशहाने काही तान्ही मुले एका वेगळ्या घरात ठेवली आणि त्यांच्याशी कोणीही बोलायचे नाही असा हुकूम केला. मुले आपोआप कोणती भाषा बोलतात, हे त्याला पाहायचे होते. त्या घराला लोक गुंगमहाल म्हणू लागले. काही वर्षांनी बादशहा तिथे गेला, तर एकही शब्द ऐकू आला नाही. पुढे १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारायचेच नाहीत असा नियम केला. कारण उघड आहे. जमिनीत हाडे सापडतात, दगडाची हत्यारे सापडतात. बोललेला शब्द काही सापडत नाही.

तरी थोडा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत व्हिकी नावाच्या चिंपांझी मादीला घरात वाढवून बोलायला शिकवले, पण मोठ्या कष्टाने ती जेमतेम चार शब्द उच्चारू शकली. नंतर १९६६ पासून वॉशो नावाच्या दुसऱ्या मादीला हाताच्या खुणा शिकवल्या. ती शंभरावर खुणा शिकली. तिला वाक्यरचना आली का, यावर मात्र वाद आहे. आपले तान्हे बाळ पाहा. पहिला शब्द फुटण्याआधी ते बोट करून चांदोबा दाखवते. जन्मांध माणूससुद्धा बोलताना हात हलवतो, आणि त्याने तर दुसऱ्याचे हात कधी पाहिलेलेच नसतात! म्हणून काही अभ्यासक म्हणतात, माणूस आधी हातांनी बोलला असावा. हात आणि आवाज बरोबरीनेच पुढे आले, असे म्हणणारेही आहेत.

पण मित्रहो, एक भाषा जन्माला येताना जगाने खरोखर पाहिली आहे.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा छोटा देश आहे. तिथली बहिरी मुले पूर्वी आपापल्या घरातच एकाकी असत. १९७७ साली राजधानी मानाग्वा येथे त्यांच्यासाठी शाळा सुरू झाली. आरंभी मुले होती सुमारे ५०. १९७९ च्या क्रांतीनंतर आणखी एक शाळा निघाली आणि १९८३ पर्यंत मुले ४०० च्या वर गेली. शिक्षक त्यांना ओठांवरून स्पॅनिश शिकवीत. ते मुलांना फारसे जमेना. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये वेगळेच काही चालले होते. प्रत्येक मूल घरून आपल्या खुणा घेऊन आले होते, माझ्या भावासारख्याच. त्या एकमेकींत मिसळल्या. १९८६ साली ज्युडी केगल या भाषाशास्त्रज्ञ बाईंना सरकारने पाहणीला बोलावले. शिक्षकांना जे नुसते हातवारे वाटत होते, त्यात या बाईंना नियम दिसले.

ॲन सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ऐकण्यासारखा आहे. चित्रपटात एक मांजर गडगडत उतारावरून खाली जाते. हे सांगताना आधीच्या तुकडीतले लोक बहुधा एकाच हालचालीत 'गडगडणे' आणि 'खाली' दोन्ही दाखवत. नंतर लहान वयात आलेली मुले या दोन गोष्टी सुट्या करून एकापुढे एक ठेवत. नक्कल मोडली आणि तिचे शब्द झाले! सुटे शब्द आले की हवे ते नवे वाक्य जुळवता येते. आणि हे काम मोठ्यांनी नाही, लहान मुलांनी केले.

माझ्या भावात काही कमी नव्हते. त्याला कमी पडली ती त्याच्यासारखी माणसे.

१८८० साली मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिने खुणांपेक्षा तोंडी पद्धतच श्रेष्ठ ठरवली आणि पुढे कित्येक देशांत वर्गातून खुणा हद्दपार झाल्या. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. माझ्या भावाच्या शाळेतही हात मांडीखाली घेऊन बसवीत. शाळेला कशाला नावे ठेवू? घरी मीसुद्धा म्हणायचो, "हात हलवू नको, तोंडानं बोल."

एकोणिसाव्या वर्षी त्याला लोकलच्या डब्यात त्याच्यासारखी चार मुले भेटली. दोन वर्षांत तो इतका भरभर हातांनी बोलू लागला, की घरात मुका मीच ठरलो. मग मी त्याच्याकडून शिकलो. एके दिवशी त्याने सांगितले, "दारात उभा राहायचो तेव्हा मला वाटायचं, वडील माझ्यावर रागावून गेलेत." चौदा वर्षे हे त्याच्या मनात होते.

आपल्याकडे आता भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ पासून राष्ट्रीय संस्था आहे. पण संस्था गल्लीत येत नाही. म्हणून माझे एकच सांगणे आहे. आपल्या शेजारी असे मूल असेल तर त्याचे हात धरू नका. त्याला त्याच्यासारख्या मुलांत न्या, लहानपणीच न्या, आणि आपणही त्याची भाषा शिका.