शोधयंत्रातली देवराई

(पर्यावरणविषयक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंचपरिवर्तनाचा जो विचार मांडला गेला, त्यात पर्यावरण आणि 'स्व' हे दोन विषय आहेत. आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, तिथे हे दोन विषय एकमेकांशी थोडे भांडतात. म्हणूनच मी ती निवडली. ती गोष्ट म्हणजे इंटरनेटवरचे आपले शोधयंत्र, ज्याला घरोघरी सर्च इंजिन म्हणतात.

आपण दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी काहीतरी शोधतो. पुरणपोळीची कृती, गाडीचे वेळापत्रक, एखाद्या औषधाचे नाव. हे सारे हवेतून येते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यामागे अहोरात्र चालणारी आणि अहोरात्र थंड ठेवावी लागणारी यंत्रांची प्रचंड कोठारे आहेत. आपल्या ऐरोली-महापे पट्ट्यातही अशी डेटा सेंटर उभी आहेत, आणि महाराष्ट्राची बहुतांश वीज आजही कोळशाचीच आहे. एका शोधामागे सुमारे ०.२ ग्रॅम कर्बवायू हवेत जातो, असे गुगलनेच २००९ मध्ये सांगितले होते. वर्षाला पाच लाख कोटींहून अधिक शोध होतात, असे त्याच कंपनीने २०२५ मध्ये सांगितले. त्या जुन्या मापाने गुणाकार केला तर दहा लाख टन भरतात. यंत्रे दरम्यान सुधारली आहेत, म्हणून या आकड्याला कुणी चिकटून बसू नये. पण भार शून्य नाही, एवढे निश्चित.

'हिरवे' म्हणवणारे सारेच हिरवे असते असेही नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातून 'ब्लॅकल' नावाचे शोधपृष्ठ निघाले. पडदा काळा ठेवला की वीज वाचते, असा त्याचा दावा. जुन्या फुगीर काचेच्या पडद्यांबाबत तो काही अंशी खरा होता. एलसीडी पडद्यामागचा दिवा मात्र चित्र काळे असो वा पांढरे, जळतच असतो.

बर्लिनच्या 'इकोसिया'ची गोष्ट निराळी आहे. क्रिस्टियान क्रोल या जर्मन तरुणाने शिक्षणानंतर नेपाळमध्ये राहून तिथे एक शोधयंत्र उभारण्याचा प्रयत्न केला होता. तो साधला नाही. पुढे डिसेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनला हवामान परिषद भरली त्याच सुमारास, त्याने इकोसिया सुरू केले. त्याची रचना साधी आहे. शोधाचे निकाल प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून आणि अलीकडे गुगलकडूनही घ्यायचे, शेजारी जाहिराती दाखवायच्या आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न वृक्षलागवड व अन्य पर्यावरणकार्याला द्यायचे. बुर्किना फासो, इथिओपिया, ब्राझील अशा देशांत त्यांनी वीस कोटींहून अधिक झाडे लावल्याची नोंद आहे. उत्पन्न किती, खर्च किती आणि झाडांना किती गेले, याचा हिशेब ते दरमहा जाहीर करतात. धर्मादाय म्हणवणाऱ्या किती संस्था एवढे करतात?

मला सर्वांत मोलाची वाटली ती २०१८ मधली घटना. त्या वर्षी मालकांनी कायदेशीर व्यवस्था अशी करून टाकली की कंपनी कुणाला विकता येऊ नये आणि नफाही कुणाला घरी नेता येऊ नये. त्यांच्या भाषेत त्याला काय म्हणायचे ते म्हणोत. आपल्याकडे याला देवराई म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्या टिकल्या कशामुळे? रान देवाच्या नावे होते, म्हणून वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. मालकी आपल्या हातातून काढून घेणे हाच तिथला बंदोबस्त होता.

आता आक्षेप. पहिला असा की नुसते शोधल्याने झाड लागत नाही. कुणीतरी जाहिरातीवर बोट ठेवते तेव्हाच पैसा येतो. पंचेचाळीस-पन्नास शोधांमागे एक झाड हा हिशेब केवळ सरासरीचा. म्हणजे ही झाडे शेवटी कुणाच्या तरी खरेदीवर वाढतात. झाडाच्या लोभाने नको त्या जाहिराती उघडत बसणे तर सरळ अप्रामाणिकपणा आहे. ते पैसे जाहिरातदाराच्या, कदाचित एखाद्या लहान दुकानदाराच्या खिशातून जातात.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला. एक परकी कंपनी सोडून दुसरी धरली, यात स्वदेशी कुठे आले? प्रश्न रास्त आहे. २००६ मध्ये दिल्ली आयआयटीच्या दोन पदवीधरांनी भारतीय शोधयंत्र काढले होते. त्याचे नाव 'गुरुजी'. (नाव ऐकून या सभागृहातल्या अनेकांना वेगळेच स्मरण होईल!) काही वर्षांत ते बंद पडले. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर नव्या फोनवर शोधयंत्र निवडण्याची मुभा भारतीयांना देऊ, असे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. पण निवडायला आपले असे आहे काय? हीच टोचणी युरोपलाही लागली. इकोसिया आणि फ्रान्सचे 'क्वांट' यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र येऊन युरोपची स्वतःची शोधसूची बांधण्याची घोषणा केली. जर्मनांना नि फ्रेंचांना उसन्या विहिरीचे पाणी खुपते; आपल्या अभियंत्यांची संख्या पाहता आपल्याला ते अधिक खुपायला हवे.

तोवर काय करावे? माझे मत स्पष्ट आहे : बदल करावा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शोधयंत्र बदलायला दोन मिनिटे पुरतात. घरातला शाळकरी मुलगाही ते करून देईल. मराठीतून शोधून पाहावे, आपल्या गावाचे, ग्रामदैवताचे नाव टाकून पाहावे. निकाल अपुरे वाटले तर तेवढ्यापुरते जुने यंत्र वापरायला कुणाची बंदी नाही. आणि महिनाअखेरीस त्यांचा जाहीर हिशेब उघडून ओळ न् ओळ वाचावी. त्यात काही खटकले, तर मला अवश्य कळवावे.