लस, हृदय आणि आपली मुले
(पालक मेळाव्यातील भाषण)



वडगाव निंबाळकरला आल्यापासून काही पालकांनी मला एकच प्रश्न विचारला: कोरोनाची लस घेतल्याने तरुण मुले धावता धावता कोसळतात, हे खरे काय? प्रश्न रास्त आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे नीरा रस्त्यावर धावणारी मुले आपल्याच घरची आहेत.

लशीने क्वचित हृदयाला इजा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. इथल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवी टोचल्याची खूण असेल. देवीची लस 2003 मध्ये अमेरिकेने आपल्या सैनिकांना टोचली, तेव्हा काहींच्या हृदयाला सूज आली. 2021 मध्ये फायझर व मॉडर्ना यांच्या लशींनंतरही तेच दिसले. विशेषतः तरुण मुलांत, दुसऱ्या डोसनंतर, बहुधा आठवड्याच्या आत. 12 ते 29 वयाच्या पुरुषांत दर दहा लाख दुसऱ्या डोसांमागे सुमारे 40 रुग्ण, अशी अमेरिकेतली त्या जूनची नोंद होती. त्यातले बहुतेक बरे झाले.

आपल्याकडे मात्र बहुतेकांना मिळाली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड, काहींना कोव्हॅक्सिन. फायझर, मॉडर्ना सरकारी मोहिमेत नव्हत्याच. कोव्हिशील्डचा दुर्मिळ धोका निराळा, रक्तात गुठळ्या होण्याचा. तोही डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला. तेव्हा 2021 साली लस घेतलेला मुलगा चार वर्षांनी कोसळला, तर लशीला दोष देऊन मोकळे होऊ नये. खरे कारण शोधायचे राहून जाते, आणि त्याच घरात धाकटा भाऊ असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2023 मध्ये 18 ते 45 वयाच्या 729 आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. लशीने धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. घराण्यात पूर्वी असा मृत्यू, कोरोनाने इस्पितळात दाखल होणे, आदल्या दोन दिवसांतले अतिमद्यपान किंवा शक्तीबाहेरचे श्रम, या गोष्टी मात्र आढळल्या. म्हणून ज्याचे वडील किंवा चुलते तरुणपणी अचानक गेले, त्याने भरतीची तयारी सुरू करण्याआधी बारामतीला जाऊन कार्डिओग्राम काढावा, डॉक्टरांना घरचा इतिहास सांगावा.

कोणत्याही लशीनंतर आठवडाभरात छातीत दुखले, धाप लागली, धडधड वाढली, तर गॅस झाला म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, लस कधी घेतली ते सांगा. हृदयाला सूज निघाली तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत पळणे, कबड्डी, सारे बंद. मुले ऐकत नाहीत, हे मी जाणतो.

मला खरी काळजी निराळीच वाटते. या धास्तीपायी कुणी तान्ह्या मुलांच्याही लशी टाळील. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी, मालेगावला गोवराची साथ आली आणि मुले दगावली. त्या मुलांचे आईबापही आपल्यासारखेच होते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. घरातल्या लहानग्याचा राहिला असेल, तर उद्याच आशाताईंना विचारा.