खाडीकाठची माणसे आणि जनगणना



१८५२ साली नगरपालिका मिळालेले पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिकेचे शहर झाले. २००१ साली २२,०७,९२९ असलेली रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये २६,३४,२०० वर गेली. या वाढीचा सर्वांत मोठा वाटा पनवेल तालुक्याचा. सत्ताधारी याला विकास म्हणतात. पण आकड्यांमागे माणसे कोणती, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

पनवेल-उरणच्या खाडीकाठी आगरी भातशेती करीत व मिठागरे राबवीत. कोळी मासेमारीवर जगत. त्यांच्या शेजारी कराडी, कोकणी मुसलमान, बौद्ध यांची वस्ती होती. तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले जात; १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. डोंगराच्या कडेला कातकरी व ठाकूर होते.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी भूसंपादन सुरू झाले. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला. पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या हौतात्म्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. घाटावरून, तळकोकणातून, मुंबईच्या चाळींतून, परप्रांतांतून श्रमिक येत राहिले.

या उलथापालथीत मूळ समाजांचे प्रमाण किती उरले? जनगणना ते सांगत नाही. १९३१ नंतर कोणत्याही जनगणनेने सर्व जातींची आकडेवारी प्रसिद्ध केलेली नाही. अनुसूचित जमाती जिल्ह्यात ११.६ टक्के आहेत, हे २०११ च्या जनगणनेवरून कळते; परंतु आगरी व सोनकोळी त्या यादीत नसल्याने त्यांची संख्या अंदाजावरच सोडली जाते. आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. तो स्वागतार्ह आहे.

मात्र केवळ डोकी मोजून न्याय होत नाही. घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? गावठाणाबाहेर वाढलेले आगऱ्याचे घर कायदेशीर मानले जाते काय? वीटभट्टीवर कुटुंबासह स्थलांतर करणारा कातकरी गणनेच्या दिवशी कोठे असेल? भरावाने मासेमारीची जागा गेलेल्या कोळणीचा व्यवसाय कोणत्या रकान्यात लिहिला जाईल?

या प्रश्नांना ‘भूमिपुत्र विरुद्ध उपरे’ असे वळण देणे हा श्रमिकांचा घात ठरेल. जमीन गमावलेला आगरी आणि त्याच जमिनीवर इमारत उभारून स्वतः झोपडीत राहणारा बांधकाम मजूर हे एकाच व्यवस्थेचे बळी आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी प्रगणकाच्या आधी वाडीवाडीवर, कोळीवाड्यांत आणि मजुरांच्या वस्त्यांवर पोहोचले पाहिजे. एकही कुटुंब नोंदीवाचून राहू नये. आणि नोंद झालेल्या प्रत्येक कुटुंबाला घराखालच्या जमिनीचा हक्क मिळेपर्यंत संघटनेने विसावा घेऊ नये.