वायपर बेटावर



गेल्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक अंदमान पाहून आलो. पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरम्‌चे, सेल्युलर जेल सर्वांना ठाऊक आहे. ते १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले, आणि कैद्यांची नावे तेथे कोरून ठेवली आहेत. पण आमच्या मनातून जात नाही ते त्याच बंदरातले वायपर नावाचे लहानसे बेट.

१८५८ च्या मार्चमध्ये पहिले दोनशे बंदी अंदमानात उतरविले गेले. सेल्युलर जेल होण्यापूर्वीचा तुरुंग या वायपरवर होता. पायांतल्या बेड्यांतून एकच साखळी ओवून कैद्यांना तेथे जखडीत. आज पडक्या विटांच्या भिंती आणि टेकडीवरचे फाशीघर एवढेच उरले आहे. १८७२ साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना ठार करणाऱ्या शेर अलीला येथेच फाशी दिले. त्याचे नाव राहिले. त्या साखळीतल्या इतरांची? आम्ही इतिहास शिकविणारे. पण आम्हां कुणालाच पाच नावेही सांगता येईनात. परतताना होडीत कुणी फारसे बोलले नाही.

आपल्या सभागृहात देणगीदारांचा फलक आहे; तो असावाच. परंतु ही संस्था आणा-दोन आणे देणाऱ्यांच्याही बळावर उभी राहिली. त्यांची नावे जुन्या पावतीपुस्तकांत असतील. वाळवी लागण्यापूर्वी ती आपण उतरून घेऊ या, एवढीच आमची विनंती.