चाकांवरचें बिऱ्हाड

घर म्हटलें कीं दार, चूल आणि पत्ता या तीन गोष्टी डोळ्यांपुढें येतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कांहीं लोक असे आहेत कीं ज्यांच्यापाशीं दार आहे, लहानशी चूलही आहे, परंतु पत्ता नाहीं. लांब पल्ल्याचे मालट्रक हांकणें हा त्यांचा धंदा. महिन्यांतून तीनचार दिवस घरीं जावयाचें आणि भाडें मात्र पुऱ्या महिन्याचें भरावयाचें, हा हिशेब एके दिवशीं त्यांना जड वाटूं लागतो. मग ते खोली सोडतात, सामान विकतात किंवा एखाद्या भाड्याच्या कोठींत कुलूपबंद करतात, आणि ट्रकमध्येंच कायमचे राहूं लागतात. कोणी कर्ज फेडण्यासाठीं असें करतो, कोणी स्वतःच्या घरासाठीं पुंजी सांठविण्यासाठीं, तर कोणी संसार मोडल्यावर परत जावयास ठिकाण उरलें नाहीं म्हणून.

हें घर आहे तरी केवढें? चालकाच्या आसनामागें एक पडदा आणि पडद्यापलीकडे बिछाना. हा बिछाना निदान ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद असावा असा तेथील नियम आहे. प्रत्यक्षांत मोठ्या ट्रकांत याहून ऐसपैस व्यवस्था असते. एकावर एक दोन बिछाने, छोटें शीतकपाट, कपड्यांचें फडताळ, विजेवर अन्न गरम करण्याचें साधन, एवढा संसार त्यांत मावतो. वरच्या बिछान्याचें बहुधा कोठीघर होतें. मुंबईच्या चाळींत एका खोलींत ज्यांनीं आयुष्य काढलें त्यांना यांत फारसें नवल वाटणार नाहीं. मात्र चाळीला नळ तरी असतो. ट्रकांत तोही नाहीं. स्नान, शौच, कपडे धुणें, सर्व कांहीं महामार्गावरील थांब्यावर उरकावें लागतें. पुरेसें डिझेल भरलें तर स्नानाची सोय फुकट, नाहीं तर त्याचेही पैसे मोजावयाचे. आयोवा संस्थानांत वॉलकॉट येथें १९६४ सालीं सुरू झालेल्या थांब्यावर सुमारें ९०० ट्रक उभे राहूं शकतात, आणि न्हावी, दंतवैद्य, धोबीखाना, चित्रपटगृह अशा सोयी तेथें एकाच आवारांत सांपडतात. पण असे थांबे विरळाच.

चालकाच्या दिवसावर हुकमत चालते ती घड्याळाची. सलग दहा तास विश्रांति झाल्यावर त्याला ११ तास गाडी हांकतां येते, आणि तींही काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आंत. आठ दिवसांत कामाचे ७० तास भरले कीं थांबावें लागतें. अशा मर्यादा त्या देशांत १९३८ पासून आहेत. पण पूर्वीं त्यांची नोंद कागदावर होई, आणि कागद फार सोशिक असतो. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेलें नोंदयंत्र सक्तीचें झालें. अपघात टळावेत हा हेतु निर्विवाद चांगला. परंतु झोप आली असतां निजावें आणि जाग आली असतां निघावें, ही मुभा त्याबरोबर बरीचशी संपली. गोदामाच्या दारीं चार तास खोळंबा झाला तरी चौदा तासांचें घड्याळ सामान्यतः चालूच राहतें. वेतन बहुतेकांना मैलांच्या हिशेबानें मिळत असल्यामुळें त्या खोळंब्याचे पैसे मात्र पुष्कळदा मिळत नाहींत. १९३८ सालच्या श्रमविषयक कायद्यानें जादा कामास दीडपट वेतन हें तत्त्व घालून दिलें, आणि त्याच कायद्यानें एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत माल नेणाऱ्या चालकांना त्यांतून वगळलें!

तास संपले कीं ट्रक उभा करावयाचा, पण कोठें? २००९ सालीं जेसन रिव्हनबर्ग नांवाचा चालक दुधाचा माल घेऊन दक्षिण कॅरोलिनांत वेळेआधीं पोहोंचला. माल उतरविण्याच्या जागीं लवकर जातां येत नव्हतें, म्हणून त्यानें जवळच्या एका ओसाड पेट्रोल पंपाच्या आवारांत ट्रक उभा केला. तेथें चोरानें त्याचा खून केला. चोराच्या हातीं लागले अवघे सात डॉलर. जेसनची पत्नी त्या वेळीं गरोदर होती. २०१२ सालीं ट्रकांसाठीं सुरक्षित जागा वाढविण्याची तरतूद कायद्यांत झाली, ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. तथापि संध्याकाळ झाल्यावर जागा मिळणें अजूनही दुरापास्त असतें, आणि महामार्गावरून उतरणाऱ्या रस्त्यांच्या कडेला ट्रकांच्या रांगा दिसतात. ज्याचें घर दुसरीकडे आहे त्याची यामुळें एका रात्रीची गैरसोय होते. पण ज्याचें घर हेंच, त्याला रोज रात्रीं नवें अंगण शोधावें लागतें.

आतां पत्त्याची गोष्ट. जड वाहन चालविण्याचा परवाना, ज्या संस्थानांत चालकाचें कायम वास्तव्य असेल त्याच संस्थानानें द्यावयाचा असतो. म्हणजे ज्या धंद्यामुळें घर सुटलें, तो चालविण्यासाठींच घराचा पत्ता हवा! कोणी बहिणीचा पत्ता देतो, कोणी जुन्या मित्राचा. दक्षिण डाकोटा संस्थानांत टपाल पुढें पाठविणाऱ्या पेढ्यांच्या आधारानें पुष्कळ फिरस्त्यांनीं रहिवास मिळविला. पण २०२३ सालीं त्या संस्थानानें मतदारांसाठीं तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. प्राप्तिकराचा नियम तर आणखी मासलेवाईक आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्या चालकाला घरापासून दूर असतांना झालेल्या जेवणखाण्याच्या खर्चाचा कांहीं भाग उत्पन्नांतून वजा करतां येतो. पण ज्याला घरच नाहीं तो घरापासून दूर कसा असणार? असा मनुष्य भटक्या समजला जातो, आणि ती सवलत त्याला मिळत नाहीं. तर्कदृष्ट्या नियम बिनचूक आहे. वर्षभर उपाहारगृहाचें अन्न विकत घेणाऱ्याला तो तितकासा पटत नसावा.

या अन्नाचा आणि बैठ्या कामाचा परिणाम शरीरावर होतोच. २०१० सालीं तेथील सरकारी आरोग्यसंस्थेनें लांब पल्ल्याच्या चालकांची पाहणी केली, तेव्हां शेकडा ६९ चालक स्थूलतेच्या विकारानें ग्रस्त आढळले आणि निम्म्याहून अधिक धूम्रपान करणारे. एकटेपणा मोजण्याचें असें माप नाहीं. पुष्कळ चालक सोबतीला कुत्रा बाळगतात. गेल्या कांहीं दशकांत हजारो पंजाबी तरुण या धंद्यांत शिरले, आणि त्यांच्यामागोमाग त्या महामार्गांवर ढाबेही आले. डाळ-रोटीबरोबर चार शब्द मातृभाषेंत बोलावयास मिळतात, हा त्यांना केवढा तरी आधार.

भारतांतील चालकही आठवडेच्या आठवडे ट्रकांतच निजतो. त्याच्या केबिनला वातानुकूलनाची सक्ती झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांपुरती. सोयींच्या बाबतींत तो मागें आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या शेजारीं बहुधा क्लीनर असतो, ढाब्यावर बाज असते, आणि गांवीं, कितीही दूर असलें तरी, त्याची वाट पाहणारें एखादें घर बहुधा असतें.

अमेरिकेंतील या बिऱ्हाडकरूंपैकीं ज्यांचा ट्रक स्वतःचा आहे ते त्यांतल्या त्यांत निश्चिंत. इतरांचा ट्रक कंपनीचा. भाडें वांचतें, चारपांच वर्षांत शिल्लक पडते, हें सर्व खरें. पण आजारपणामुळें वैद्यकीय दाखला मिळाला नाहीं, किंवा वरिष्ठांशीं बिनसलें, तर नोकरी आणि घर दोन्हीं एकाच दिवशीं जातात. ट्रक कंपनीच्या आवारांत परत करावयाचा, किल्ली खिडकीवर द्यावयाची, आणि वरच्या बिछान्यावरचें कोठीघर दोनतीन पिशव्यांत भरून बसच्या थांब्याकडे निघावयाचें. म्हणून जाणते चालक नवख्याला पहिला सल्ला देतात तो असा, कीं वांचलेल्या भाड्यांतून आधीं दोन महिन्यांच्या खोलीचे पैसे बाजूला ठेव, आणि मग कर्जाकडे पाहा.