मागे घेतलेली जाहिरात आणि न केलेली तक्रार
(ग्राहक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाचं पत्र घेऊन आलेल्या आपल्या कार्यवाहांनी जाताजाता मला सुचवलं होतं, 'ताई, भेसळ, वजनमापं, बिल्डर, मोबाइलची बिलं यांवर बोला. लोकांना तेच हवं असतं.' मी माझा विषय सांगितला तसा त्यांचा चेहरा उतरला. 'पण तो विषय आपला कुठे?' एवढंच म्हणाले. सभ्य गृहस्थ आहेत, वाद घातला नाही. तो आज मी घालणार आहे. समलिंगी माणसांचे हक्क, त्यांवर कंपन्या घेतात त्या भूमिका आणि त्या भूमिकांवरून ग्राहकांच्या नावाने उठणारा गदारोळ हा विषय आपलाच आहे. तो आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाती सोडला.

ऑक्टोबर 2021 आठवा. डाबरच्या फेम ब्लीचची जाहिरात आली होती. करवा चौथची तयारी चालली आहे. एक तरुणी दुसरीच्या चेहऱ्याला ब्लीच लावते आहे, उपास कशासाठी धरायचा यावर दोघींच्या गप्पा रंगल्या आहेत. एक बाई येऊन दोघींना नव्या साड्या देते. रात्री दोघी नटूनथटून चाळणी घेऊन उभ्या राहतात, चंद्राकडे बघतात, मग चाळणीतून एकमेकींकडे. तेव्हा आपल्याला कळतं, की कुणाचाही नवरा यायचा राहिलेला नाही. दोघी एकमेकींसाठीच उपाशी आहेत. संपली जाहिरात. मध्य प्रदेशाचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईचा इशारा दिला आणि कंपनीने जाहिरात मागे घेऊन बिनशर्त माफी मागितली. आठवडाभरात त्याच मंत्र्यांनी फॅशन डिझायनर सब्यसाचीच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीला 24 तासांची मुदत दिली. तीही गेली.

ग्राहकांच्या भावना दुखावल्या म्हणे. कोणत्या ग्राहकांच्या? फेमची डबी हातात घेऊन दुकानदाराकडे परत करायला गेलेली बाई तुमच्यापैकी कुणी पाहिली? समाजमाध्यमांवर आरोळ्या ठोकणाऱ्यांपैकी किती पुरुषांनी जन्मात ब्लीच विकत घेतलं असेल? ग्राहकाचं नाव घेऊन एका मंत्र्याने दम भरला, कंपनीने तो ऐकला आणि ज्याचं नाव वापरलं तो ग्राहक, म्हणजे तुम्ही-आम्ही, घरात बसून राहिलो. आपल्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढलं तर आपण पोलिसांत जातो. इथे साधं निषेधाचं पत्रक निघालं नाही.

मी त्या जाहिरातीची भक्त नाही, हेही सांगून टाकते. चेहरा उजळवण्याचा धंदा आणि जोडीदारासाठी उपाशी राहण्याची रीत, दोन्ही जुन्याच गोष्टी. त्यांना नवा मुलामा दिला होता. हे त्याच वेळी अनेक बायकांनी बोलून दाखवलं होतं, समलिंगी बायकांनीसुद्धा. पण त्यांच्या बोलण्यावरून कुणी जाहिरात उतरवली नाही. आणि व्रताचंच म्हणाल तर आमच्या कुडाळात पुरुष मंडळी वडाला फेऱ्या मारून वटपौर्णिमा करतात. सावित्रीचा अपमान झाला म्हणून तिथे कोणी गृहमंत्री धावला नाही. चाळणीच्या दोन्ही बाजूंना बायका दिसल्या तेवढ्यात मात्र संस्कृती बुडाली!

'कंपन्यांनी माल विकावा, समाजाला शिकवू नये' हे वाक्य मला गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता हसू येतं. जाहिरातींनी शिकवलं नाही असा एक दिवस दाखवा. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आली आणि 2020 मध्ये नाव बदलेपर्यंत, पंचेचाळीस वर्षं, सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही, हे आपल्या दिवाणखान्यात रोज शिकवत राहिली. तो धडा आपण ट्यूब विकत घेऊन गिरवला. धड्याला आपला विरोध कधी नव्हताच. विरोध होता तो न आवडलेल्या धड्याला.

आता कंपन्यांकडे वळते, कारण त्यांनाही सोडायचं माझ्या मनात नाही. जिची किंमत मोजायची तयारी नाही, तिला भूमिका कशाला म्हणायचं? या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे नावाचा एक माणूस 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होता. वर्गणीदार मूठभर, नोकरी आधीच गेलेली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये खटला झाला. बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरले. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला, 1953 मध्ये मरेपर्यंत काढत राहिले. त्यांच्याकडे जनसंपर्क विभाग नव्हता. ज्यांच्याकडे तो आहे, वकिलांची फौज आहे, त्या कंपन्या एका मंत्र्याच्या पत्रकार परिषदेने गारद होतात.

माघार घेऊन धंदा वाचतो, असंही नाही. अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगते. दोन्ही बिअरच्या आहेत, दारूबंदीवाल्यांनी क्षमा करावी. एप्रिल 2023 मध्ये बड लाइटने डिलन मलव्हेनी या पारलिंगी कलावतीला तिचा चेहरा छापलेला एक कॅन भेट पाठवला. तिने त्याची चित्रफीत टाकली आणि सनातनी ग्राहक खवळले. कंपनीने तिची बाजू घेतली नाही, लोकांत फूट पाडणाऱ्या वादात पडायचा आमचा हेतू नव्हता असं गुळमुळीत निवेदन काढलं आणि जाहिरात विभागातल्या अधिकाऱ्यांना रजेवर पाठवलं. रागावलेले परत आले नाहीत. उलट शिकागोतल्या काही समलिंगी बारमालकांनीही त्या कंपनीची बिअर ठेवणं बंद केलं. दोन दशकांहून अधिक काळ देशात पहिल्या क्रमांकावर असलेली बिअर काही आठवड्यांत 'मोडेलो'च्या मागे गेली. घर का ना घाट का.

दुसरी गोष्ट अधिक जुनी, आणि ती मला तुमच्या कामाची वाटते. 1970च्या दशकात कूर्स कंपनी नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांना खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवून तुम्ही समलिंगी आहात का, असं विचारायची. कामगार संघटनेचा तिच्याशी आधीच झगडा होता. सॅन फ्रान्सिस्कोत ट्रकचालकांची संघटना आणि हार्वे मिल्क यांच्यासारखे समलिंगी कार्यकर्ते एकत्र आले आणि शहरातल्या समलिंगी बारमधून कूर्सच्या बाटल्या हद्दपार झाल्या. बहिष्कार वर्षानुवर्षं चालला. 1995 मध्ये त्याच कंपनीने समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना लाभ लागू केले. त्या ग्राहकांनी जाहिरातीत आपलं चित्र मागितलं नव्हतं. भरतीच्या खोलीत काय चालतं, ते विचारलं होतं.

आपण हे विचारतो का? 2023च्या मे महिन्यात टाटा आणि स्टारबक्सच्या भागीदारीतल्या कॅफेंची जाहिरात आली. आईवडील टेबलाशी ताटकळले आहेत, मुलगा म्हणून वाढवलेलं लेकरू मुलगी होऊन समोर येतं. आखडून बसलेला बाप उठून कॉफी सांगायला जातो आणि काउंटरवरून हाक येते ती 'अर्पिता'च्या नावाने. अनेकांनी डोळे पुसले, अनेकांनी बहिष्काराच्या घोषणा दिल्या. दोन्ही गटांतल्या कुणी एवढं विचारलं का, की अशी एखादी अर्पिता कॉफी करायला काउंटरच्या आत किती ठिकाणी उभी आहे?

जिथे विचारावं तिथे उत्तरं मिळतात, आणि ती सगळीच वाईट नसतात. टाटा स्टीलने 2019 मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना कंपनीच्या सवलती लागू केल्या, पुढे खाणींतली अवजड यंत्रं चालवायला पारलिंगी व्यक्ती घेतल्या. गोदरेजने 2018 मध्ये, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चा निकाल लागल्यावर तीनेक महिन्यांत, पारलिंगी व्यक्तींना नोकरीत कसं सामावून घ्यावं याचा जाहीरनामाच आपल्या विक्रोळीतून काढला. ललित हॉटेल्सचे केशव सुरी तर त्या खटल्यात स्वतःच अर्जदार होते. यांच्या बातम्या आतल्या पानावर येतात. त्यांवर ना हॅशटॅग निघतो, ना शिवीगाळ होते.

कोची मेट्रोने 2017 मध्ये 23 पारलिंगी व्यक्तींना नोकरी देऊ केली. देशभर कौतुक झालं. आणि थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींनी नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना राहायला कुणी खोली देईना. कंपनीने आपलं काम केलं होतं. अडवलं ते घरमालकांनी. इथे किती घरमालक बसलेत ते मी विचारत नाही. किती सोसायट्यांचे सेक्रेटरी बसलेत तेही नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता कार्यवाहांच्या प्रश्नाकडे येते. आमच्या भागातल्या दोघी, एक परिचारिका, दुसरी शिक्षिका, कित्येक वर्षं एका घरात राहतात. त्यांच्याबरोबर मी एका बँकेत गेले होते. बँकेचं नाव सांगत नाही. संयुक्त खातं उघडायचं आणि ठेवींना एकमेकींचं नामनिर्देशन करायचं, एवढंच काम. 'नातं काय लिहू?' काउंटरवरच्या मुलाने विचारलं. जोडीदार, असं परिचारिकाबाई म्हणाल्या. तो मान वर न करता म्हणाला, 'सिस्टिममध्ये ते येत नाही. बहीण टाकू?' त्याच शाखेच्या दारात इंद्रधनुषी रंगांचा फलक उभा होता, आम्ही सर्वांचं स्वागत करतो म्हणून. मॅनेजर आले, हेड ऑफिसला विचारतो म्हणाले. मी नामनिर्देशनाचा डीए-1 फॉर्म मागून घेतला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. ठेवीदाराशी नातं, 'असल्यास'. असल्यास, मॅनेजरसाहेब! तो रकाना कोरा सोडला तरी फॉर्म वैध आहे. आणि संयुक्त खात्याला रक्ताचं किंवा लग्नाचं नातं लागतं असा नियम नाही.

अॅक्सिस बँकेने 6 सप्टेंबर 2021 रोजी समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडता येईल असं जाहीर केलं, तेव्हा ते कायद्याने बंद नव्हतंच. तरी मी त्या घोषणेला नावं ठेवणार नाही, कारण काउंटरवरचा मुलगा कायदा वाचत नाही, मुख्य कार्यालयाचं पत्र वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्यानंतर 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने लेखी खुलासा केला, की संयुक्त खातं आणि नामनिर्देशन यांवर अशा व्यक्तींना कोणतंही बंधन नाही. पैसे भरणारा माणूस, त्याला नाकारलेली सेवा, हातात सरकारी कागद. ग्राहकाची तक्रार याहून वेगळी कशी असते, ते कार्यवाहांनी मला सांगावं.

बहिष्कार टाकण्याच्या तुमच्या हक्कावर माझा आक्षेप नाही. 1905 मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, 1930 मध्ये बाबू गेनू मुंबईत विदेशी मालाच्या ट्रकसमोर आडवे झाले. त्यांनी मालावर बहिष्कार टाकला, आणि तोही राज्यकर्त्यांच्या विरोधात. माणसांना वाळीत टाकण्याविरुद्ध मात्र महाराष्ट्राने 2016 मध्ये खास कायदा केला आहे. ब्लीच घेऊ नका, कॉफी पिऊ नका, खुशाल. पण चाळणीपलीकडची ती मुलगी दिसताच कामा नये म्हणून जो ओरडतो, त्याचं भांडण मालाशी नाही. अशाने ग्राहक चळवळीचं नाव घेऊ नये, निदान मी या खुर्चीवर आहे तोवर.

कार्यक्रमपत्रिकेत ठराव क्रमांक चार 'आयत्या वेळचे विषय' या नावाखाली ढकलला आहे, तो मी आत्ताच मांडते. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातल्या बँकांमध्ये, मेडिक्लेम कंपन्यांमध्ये आणि गॅस एजन्सींत जाऊन समलिंगी जोडीदारांना काय सेवा देता, कशाच्या आधारे नाकारता, हे लेखी विचारावं. बँकांच्या अर्जाला अर्थ मंत्रालयाच्या खुलाशाची प्रत जोडावी. उत्तरं आपल्या मासिकात बँकेच्या, कंपनीच्या नावासह छापावीत, चांगली असली तर तीही. पुढची जाहिरात मागे घेतली गेली, तर कंपनीला पहिलं पत्र आपलं जावं, कोणत्या ग्राहकाने मागणी केली होती ते विचारणारं. अनुमोदन त्या परिचारिकाबाई देणार आहेत, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. विरोध असेल त्यांनी हात वर करावा आणि माइकवर येऊन कारण सांगावं. चहा त्यानंतर.